भुलीच्या बाई मुद्दाम चुकायच्या

माझ्या हर्नियाच्या ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी खमण खाल्लं.

रात्रीनंतर पोटात अन्नाचा कण जाता कामा नये, पाण्याचा थेंबसुद्धा नाही, असं मला डॉक्टरांनी सांगितलं होतं, सिस्टरने सांगितलं होतं, आणि घरी आल्यावर बायकोने तर दम भरून सांगितलं होतं. मी मान डोलावली होती. पण मी पडलो शाळामास्तर. जन्मभर दुसऱ्यांना सूचना देणाऱ्या माणसाला स्वतः सूचना ऐकायची सवय राहत नाही. सकाळी पेपर आणायच्या निमित्ताने आमलीच्या नाक्यावर गेलो, तर खमणवाल्याच्या परातीतून वाफ निघत होती. म्हटलं, एवढं मोठं ऑपरेशन, अंगात थोडी ताकद नको? आणि खमण म्हणजे तरी काय, निम्मी हवाच असते. हवेला कोण अन्न म्हणतं? वर दोन तळलेल्या मिरच्या खाल्ल्या, मिशी पुसली आणि निरागस चेहऱ्याने घरी आलो.

हर्नियाही काही आपोआप झालेला नव्हता. गॅदरिंगच्या तयारीत शाळेचं लोखंडी कपाट मी एकट्याने सरकवून दाखवलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. नव्या आलेल्या दोन शिक्षिका तिथे उभ्या होत्या, एवढंच.

तर असा मी, पाठीमागे नाड्या असलेला हिरवा झगा घालून, ऑपरेशनच्या टेबलावर आडवा पडलो. झग्यामागून वारा लागत होता. वर तो मोठा दिवा. बाजूला सर्जन, इतके कोवळे की आमच्या बारावीच्या वर्गात बसवले असते तर हजेरीत खपून गेले असते. हातमोजे घालून, दोन्ही हात वर धरून उभे. आणि माझ्या डोक्याशी, स्टुलावर, भुलीच्या बाई.

त्यांना सगळं हॉस्पिटल याच नावाने ओळखायचं. गुजराती लोक ‘भूलवाळा बेन’ म्हणत, बिहारी कामगार ‘बेहोशीवाली मैडम’. मूळच्या डहाणूकडच्या, साठीला आलेल्या, ठेंगण्या, आवाज मात्र रस्त्यापलीकडच्या माणसाला हाक मारल्यासारखा. सर्जनला त्या तोंडावर ‘शिंपी’ म्हणायच्या. ‘कापायचं आणि शिवायचं, दुसरं काय काम आहे तुम्हाला?’ आधीचे म्हातारे सर्जन यावर हसायचे. हे कोवळे सर्जन नवीन होते, ते फक्त ‘येस मॅडम’ म्हणायचे.

बाईंनी मला विचारलं, ‘‘मास्तर, सकाळी काही खाल्लंय?’’

‘‘छे!’’

‘‘चहा? पाणी?’’

‘‘थेंब नाही.’’

बाईंनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग मान वळवून सिस्टरशी गप्पा मारल्यासारख्या म्हणाल्या, ‘‘मास्तर आमलीला राहतात ना? वाईट वाटतं बाई यांचं. तिकडे खायला एक धड जागा नाही. तो नाक्यावरचा खमणवाला तर आदल्या दिवशीचं गरम करून विकतो.’’

आता माझ्यासमोर कुणी व्याकरणाची चूक केली तर मी एक वेळ गप्प बसेन. पण हा अन्याय होता.

‘‘आदल्या दिवशीचं? काय बोलता बाई! अहो, परातीतून धूर निघत होता. बोट लावलं तर चटका बसला मला!’’

यंत्राचा टिकटिक आवाज तेवढा राहिला, आणि तो वाढत चालला, कारण ती माझीच छाती होती.

बाई म्हणाल्या, ‘‘शिंपीदादा, हातमोजे काढा. गिऱ्हाईक जेवून आलंय.’’

मी ‘हवा, हवा’ असं काहीतरी पुटपुटलो. तेव्हा मात्र बाईंचा आवाज खाली आला. माझ्या कानाशी वाकून त्यांनी सांगितलं, की भूल दिल्यावर पोटातलं अन्न उलटून वर येऊ शकतं आणि छातीत उतरतं. ‘‘तसं झालं असतं ना मास्तर, तर उद्या शाळेला सुट्टी मिळाली असती. पोरांनी दोन मिनिटं उभं राहायचं आणि घरी पळायचं.’’

मला परवाची तारीख मिळाली. घरी सोडायला सर्जन तयार नव्हते. ‘सोडलं तर परत खातील’ असं ते माझ्यासमोर माझ्या बायकोला म्हणाले, आणि तिने त्यांना दुजोरा दिला.

नंतर बाईंनी मला सांगितलं, की माझ्या मिशीत राईचा दाणा अडकलेला त्यांना आधीच दिसला होता. ‘‘मग तिथेच का नाही पकडलंत?’’ मी विचारलं.

‘‘मी पकडलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, कालचा आहे.’’

खरं आहे. मी अगदी हेच म्हणालो असतो.

वॉर्डात पडून राहायला मिळाल्यामुळे मला बाईंची तऱ्हा नीट बघता आली, आणि थिएटरातलं सिस्टर येऊन सांगायची. आमच्या सिल्वासात माणूस कुठूनही आलेला असतो. कुणी धुळ्याचा, कुणी सुरतेचा, कुणी पाटण्याचा, कुणी रत्नागिरीचा. भाषा कुणाचीच पुरी पडत नाही, सगळे मिळून एक खिचडी बोलतात. पण टेबलावर झोपायच्या आधी सगळ्यांचा चेहरा सारखा होतो. त्या चेहऱ्याशी बाई काय करायच्या, तर त्या माणसाच्या धंद्यातलं काहीतरी ठार चुकीचं बोलायच्या.

दुधनीचा एक मासे मारणारा पाय मोडून आला होता. त्याला त्या म्हणाल्या, ‘‘तुमचं बरं आहे. मधुबनच्या धरणात जाळं टाकून घरी जायचं, झोप काढायची, मासे आपापले येऊन बसतात.’’ कमरेत सुई टोचलेली त्या माणसाला कळलीसुद्धा नाही. कमरेखालचं अंग बधिर, पायात सळई घालणं चाललेलं, आणि हा कमरेपासून वर जिवंत असलेला माणूस दोन्ही हातांनी वारा कुठून येतो आणि जाळं कुठे सोडायचं ते दाखवतोय. ऑपरेशन संपलं तेव्हा वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला. हा म्हणाला, ‘‘थांब रे जरा, बाईंना अजून कळलं नाय.’’

रांधा गावच्या एका म्हाताऱ्या आजीला त्यांनी विचारलं, की नागलीची भाकरी तुम्ही पोळपाटावर लाटूनच करता ना? आजीने त्यांच्याकडे असं पाहिलं, की ही बाई डॉक्टर झाली कशी, आणि हिचं लग्न झालं कसं. मग झोप येईपर्यंत ती हवेत भाकरी थापून दाखवत होती. पूर्ण भूल दिलेले लोक तर वाक्याच्या मधेच झोपायचे आणि उठल्यावर पुढचं वाक्य बोलायचे. नव्या सिस्टर दचकायच्या. तासाभराने डोळे उघडून माणूस ‘आई गं’ म्हणायच्या ऐवजी ‘तसं नाही ते’ म्हणतो, याची त्यांना सवय नव्हती.

‘घाबरू नका’ या शब्दांना त्यांच्या थिएटरात बंदी होती. त्या म्हणायच्या, ‘‘घाबरू नका म्हटलं की माणूस विचार करतो, म्हणजे घाबरण्यासारखं काहीतरी आहे.’’

आणि विनोदही नाही. मला हे पटलं नाही. मी आमच्या शाळेतला सर्वांत विनोदी माणूस आहे, निदान माझं तसं मत होतं. गॅदरिंगचं सूत्रसंचालन मीच करतो. पोरं हसतात. मुख्याध्यापकही हसतात, फक्त त्यांना मराठी कमी येत असल्यामुळे बाकीचे हसून झाल्यावर हसतात. तेव्हा मी एका समव्यवसायी कलावंताच्या नात्याने बाईंना सुचवलं, ‘‘तुम्ही सरळ चार जोक का सांगत नाही?’’

‘‘मास्तर, जोक सांगितला की समोरच्याला हसावं लागतं. आधीच बिचाऱ्याचं पोट कापायचं, वर आपल्या समाधानासाठी हसायचं कामही त्यालाच लावायचं? शिवाय हसलं की पोट हलतं. आमचे जुने शिंपी ओरडायचे, मॅडम, कापड हलतंय. वाद घातला की नुसतं तोंड हलतं. आणि माणूस झग्यात कितीही उघडा पडला असला ना, तरी आपल्या गोष्टीत आपण शहाणे आहोत हे सांगताना त्याला कपडे घातल्यासारखं वाटतं.’’

त्यांची एक गंमत सिस्टरने मला सांगितली होती. बाईंना स्वतःला सुईची भयंकर भीती. रक्त तपासायचं असलं की त्या डोळे गच्च मिटून, लॅबच्या पोराला शिव्या देत, गुजराती दुकानदारांचे भाव मोठ्याने म्हणत बसायच्या. मी एकदा विचारलंही. त्या म्हणाल्या, ‘‘हो ना. मग मी बोलते ते काय फक्त पेशंटसाठी?’’

परवा उजाडलं. या वेळी मी खरोखर उपाशी होतो. बायको उशाशी बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. टेबलावर गेलो आणि बाईंना बजावलं, ‘‘मला तुमची युक्ती कळलीय. मी आज वाद घालणार नाही.’’

‘‘नका घालू,’’ बाई म्हणाल्या आणि सिस्टरकडे वळल्या. ‘‘अगं, मराठीच्या मास्तरांचं सगळ्यात सोपं काम. गणिताला डोकं लागतं, विज्ञानाला प्रयोग लागतो. मराठी काय, धडा वाचायचा आणि पोरांना म्हणायचं, आता तुम्ही वाचा.’’

मी दात आवळून धरले. खूप धरले. ‘‘आणि निबंध कोण तपासतं?’’ हे माझ्या तोंडून कधी गेलं ते मलाही कळलं नाही. कमरेतली सुई तोवर जाऊन आली होती. पुढे माझं पोट शिवून होईपर्यंत मी शुद्धलेखन, निबंध आणि पालकसभा या विषयांवर बोललो. सर्जन मधे एकदाच ‘झालं का?’ म्हणाले. ते बाईंना विचारत होते की मला, ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारच्या पलंगावर एक खान्देशी आला. शिरपूरकडचा, धाग्याच्या कारखान्यात पाळीवर काम करणारा, अंगाने तगडा. उजव्या कुशीत कळ घेऊन आला होता. अपेंडिक्स. सर्जनने तपासून सांगितलं, की आजच काढायला पाहिजे, आत फुटलं तर जिवावर बेतेल, दुपारी घेऊ. त्याची बायको गावी होती, फोन केला होता, ती निघाली होती. इथे जवळचं कुणी नाही. पोटापेक्षा जास्त कळ त्याच्या चेहऱ्यावर होती.

‘‘मन्हा काका बी असाच आत गया व्हता,’’ तो मला म्हणाला. ‘‘परत उना नही.’’

मला कणव आली. खरंच आली. आणि माझी कणव ही फार घातक वस्तू आहे. बाई वरच्या मजल्यावर एका बाळंतिणीकडे होत्या. म्हटलं, त्या येईपर्यंत आपण जरा याला हलकं करू. उशी पोटावर दाबून मी उठून बसलो. टाक्यांना उशीचा आधार देऊनच खोकायचं, हसायचं, असं मला शिकवलं होतं. आणि गॅदरिंगमध्ये कधीही न पडलेला माझा हुकमी जोक त्याला सांगितला. पेशंट म्हणतो, डॉक्टर, मला भीती वाटते, माझं पहिलंच ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतो, मलाही वाटते, माझंही पहिलंच आहे.

सांगून मी स्वतःच हसलो, टाके ओढले गेले, ‘आई गं’ म्हणून आडवा झालो.

तो हसला नाही. मग हळूच म्हणाला, ‘‘डॉक्टर नवा शे का?’’

‘‘अरे, जोक होता तो.’’

‘‘नही, पण दिसस तर नवाच. मिशीबी फुटेल नही.’’

आता सर्जन नवीन होते आणि त्यांना मिशी नव्हती, हे मी मास्तर असून नाकारू कसं? मी म्हणालो, ‘‘नवीन आहेत तसे, पण...’’ आणि तिथे, त्या ‘पण’पाशी, मला पुढे काही सुचलं नाही. गॅदरिंगमध्ये अशा वेळी मी पडदा पाडायला सांगतो.

तो संडासला जाऊन येतो म्हणाला. बराच वेळ झाला तरी आला नाही. सिस्टर बघून आली, संडास रिकामा. पलंगाखालच्या त्याच्या चपलाही नव्हत्या.

बाई खाली आल्या तेव्हा सिस्टर रडकुंडीला आली होती. मी डोक्यावर चादर घेतली होती. बाईंनी चादर ओढली. ‘‘काय सांगितलंत त्याला?’’

मी सगळं सांगितलं, त्याच्या शिरपूरसकट. जोक दुसऱ्यांदाही पडला.

बाई रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट. एवढंच म्हणाल्या, ‘‘उठा. तुम्हाला त्याचा चेहरा माहीत आहे, मला नाही. आणि मास्तर, तोंड उघडायचं नाही.’’

गेटबाहेर वापी स्टेशनला जाणाऱ्या रिक्षा लागतात. तिथे तो होता. एका रिक्षात मागे बसलेला, उजवी कूस दाबून, घामाने चिंब, ओठ पांढरे. रिक्षावाला अजून दोन माणसं मिळायची वाट बघत होता. एवढ्यात हिरव्या टोपीतल्या बाई आणि त्यांच्यामागे झग्याच्या नाड्या एका हाताने धरलेला, दुसऱ्या हाताने पोटावर उशी दाबलेला मी, असे आम्ही आलो. रिक्षावाल्याला आनंद झाला. ‘‘वापी? आवो, आवो!’’

बाई सरळ आत शिरून खान्देशीच्या शेजारी बसल्या. विनवणी नाही, दटावणी नाही. पदराने वारा घेत म्हणाल्या, ‘‘शिरपूरला चाललास? मी गेलेय तिकडे. एका लग्नात तुमच्याकडचं भरीत खाल्लं होतं. छान होतं. दुधी उकडून मिक्सरमधून काढता ना?’’

त्याने कळेतूनच मान वळवली. ‘‘काय?’’

‘‘दुधी. मिक्सर.’’

‘‘भरीत मिक्सरमा? काय बोली राह्यनात ताई तुम्ही! वांगानं ऱ्हास भरीत! दुधीनं काबर?’’

‘‘वांग्याचं? मग कुकरमध्ये शिजवत असाल.’’

‘‘कूकर?’’ त्याने रिक्षावाल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. साक्षीला कुणीतरी हवं होतं त्याला. ‘‘कपाशीन्या काड्यास्वर भाजनं पडस ते! मंग लाकडी बडजीमा कुटनं.’’ आणि ती बडजी, म्हणजे लाकडाची उखळी, केवढी असते ते दाखवायला त्याने दोन्ही हात पसरले. कूस सुटली. आमच्या रिक्षावाल्याला राहवलं नाही. गुजरातीत भरताला ओळो म्हणतात. तो म्हणाला, ‘‘ओळो छे ए तो! हमारे यहाँ तो दही डालते हैं.’’

‘दही?’ असं म्हणून तो खान्देशी हसला. काय करावं या अडाणी लोकांना, असं हताश होऊन हसला. आणि ते हसू कुशीत असं घुसलं, की तो पुढच्या दांडीवर आडवाच झाला. डोळ्यांतून पाणी आलं.

बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. आता त्यांचा तो रस्त्यापलीकडचा आवाज नव्हता. ‘‘नुसतं हसलास तर हे झालं. वापीपर्यंत रस्त्याला खड्डे आहेत, पुढे गाडीत रात्रभर बसायचं आहे. ते आत फुटलं तर सुरतही यायचं नाही.’’

‘‘डॉक्टर नवा शे, ताई.’’

‘‘नवा आहे. हात चांगला आहे, मी बघितलाय. आणि मी जुनी आहे. तुझ्या डोक्याशी बसणार. तू झोपशील, मी जागी असेन. तुझा श्वास मोजत बसायचं, तेवढंच माझं काम आहे.’’

‘‘उठी जाशात नही ना मधमा?’’

‘‘कुठे जाऊ? भरीत अर्धंच सांगितलंयस.’’

तो उतरला. स्ट्रेचर येईपर्यंत बाईंच्या खांद्यावर भार टाकून उभा राहिला. रिक्षावाला माझ्याकडे आशेने बघत होता. मी मान हलवून नाही म्हटलं. तोंड उघडायची मला बंदी होती.

आत काय झालं ते सिस्टरने सांगितलं. लसूण आणि मिरच्या कशा भाजायच्या हे झालं, शेंगदाणे झाले, ‘मंग वरतून...’ एवढं म्हणाला आणि झोपला. सर्जनने पोट उघडलं आणि म्हणाले, मॅडम, अजून थोडा उशीर झाला असता तर फुटलंच होतं. बाई स्टुलावरून हलल्या नाहीत. दुसरी केस आली होती, तिला थांबवलं. शेवटी त्याने डोळे उघडले, जीभ जड झालेली, आणि तो म्हणाला, ‘‘कांदानी पात.’’

‘‘कच्ची की परतून?’’ बाईंनी विचारलं.

‘‘कच्ची,’’ तो म्हणाला आणि पुन्हा झोपला.

त्याची बायको आली, हबकलेली, नवऱ्याला धडधाकट बघून त्याच्यावरच ओरडली, मग रडली. पाच-सहा दिवसांनी तिने कुठून वांगी मिळवली आणि कुणाच्या अंगणात भाजली कोण जाणे, पण डबाभर भरीत बाईंसाठी आणलं. बाईंनी वॉर्डात उभ्याउभ्या बोटाने चाखलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, ‘‘मिक्सरमधलंच वाटतंय बाई.’’

तो पलंगावरून अर्धा उठला. ‘‘उशी! उशी धर आधी!’’ सिस्टर ओरडली. सगळा वॉर्ड उशा दाबून हसत होता, मीही, माझे टाके काढायचे होते त्याच दिवशी. कोवळे सर्जन दारात उभे राहून म्हणाले, मॅडम, कापड हलतंय. तो त्यांनी केलेला पहिला विनोद होता आणि तो माझ्या हुकमी जोकपेक्षा जास्त पिकला.

टाके निघाल्यावर मी बाईंना गाठलं. मन भरून आलं होतं. म्हणालो, ‘‘बाई, हे तुमचं काम फार मोठं आहे. शनिवारी माझी अर्धी शाळा असते. मी दर शनिवारी वॉर्डात येत जाईन म्हणतो. पेशंटशी बोलेन, त्यांचं मन रमवेन. तुम्ही मला जरा शिकवा.’’

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. माझा प्रस्ताव त्या मनापासून तोलत होत्या, असं मला वाटलं.

‘‘या ना मास्तर,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण दर शनिवारी नको. बरे होऊनही पलंग न सोडणारे काही चिवट पेशंट असतात आमच्याकडे. तसा एखादा आला की बोलावते तुम्हाला.’’